तुमच्या मातीला आवाज झाला नाही

फादर, तुम्ही माझ्याकडून दोन वचनं घेतली होतीत. त्यातलं एक मी मोडलं. मोडून आठवडा झाला तरी मला पश्चात्ताप होत नाहीये. झाला असता तर शनिवारी जाऊन नव्या फादरांपुढे पापनिवेदन केलं असतं, चार-दोन नमो मरिया म्हटल्या असत्या आणि घरी येऊन निवांत भाकऱ्या भाजल्या असत्या. तसं होत नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. आणि तुम्ही ऐकून घ्यायचं. आयुष्यभर साऱ्या गावाचं ऐकलंत, माझंच अर्धं टाकून कसे गेलात?

पहिलं वचन होतं, माझ्या मातीला आवाज नको. बँड नाही, फटाका नाही, काही नाही. दुसरं, आवाज का नको ते गावात कुणाला कळू द्यायचं नाही. दोन्ही तुम्ही एका दमात मागितलीत, चर्चच्या बंगल्याच्या मागच्या त्या खोलीत, मी केलेला बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पिताना. मीही एका दमात हो म्हटलं. भुईगावात एखाद्याला गुपचूप पुरायचं तर आधी घराघरात कारण द्यावं लागतं, हे तुमच्या ध्यानात यायला हवं होतं. माझ्याही आलं नाही. त्यामुळे तुम्ही गेल्यावर माझ्या हातात दोन वचनं राहिली आणि पाळता येण्यासारखं त्यांतलं एकच.

परवा चर्चमध्ये तुमच्यासाठी सातव्या दिवसाची प्रार्थना, मिस्सा झाली. नंतर हॉलमध्ये चहा-पाव होता आणि माइक होता, म्हणजे भाषणं होणारच. जो तो उठून तुमच्या लढाईचं सांगत होता. तुम्ही जिवंत होतात तोवर तुमच्या नावावर जिंकलेला एक खंदक होता. परवा त्याची अख्खी चौकी झाली, आणि एकानं तर तुम्हाला शत्रूच्या रणगाड्यावर चढवलं. तुमच्या हातून मेलेले शत्रू दर वर्षी वाढत जातात, यावर आपण दोघं किती हसलो आहोत. तुम्ही त्यांना कधी हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. नुसते मिशीत हसायचात, मिशी नव्हती तरी.

त्या माणसांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी पाहिलेले फादर जोकीम तसेच होते. पहाटे किनाऱ्यावर शिट्टी फुंकत पोरांना पळवणारे, कुणाला पोलिसभरतीसाठी, कुणाला सैन्यासाठी. झेंडावंदनाला मेडलं लावून ताठ उभे राहणारे. माणिकपूरच्या रिक्षावाल्याला ‘मिलिटरी फादरकडे’ एवढं सांगितलं की तो गल्लीबोळातून बरोबर आणून सोडायचा. हॉलमध्ये तुमचा वर्दीतला फोटो आहे, त्याला परवा हार घातला. मी त्या फोटोकडे बघत चहा प्यायले. गप्प बसणं मला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण परवा बसले.

मला बोलायला सांगितलं असतं तर मी लढाईचं नसतं सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या, पास्कोलच्या मातीचं सांगितलं असतं. तो दारूनं गेला, आणि अशा माणसाच्या मातीला लोक घड्याळाकडे बघत उभे असतात. पेटी खाली सोडली, पोरं फावडी घेऊन पुढे झाली. तुम्ही झगा गुडघ्यापर्यंत वर घेतलात, खड्ड्याच्या काठाशी खाली बसलात आणि ओंजळीनं माती सोडायला लागलात. म्हणालात, “सावकाश रे. तो कुठे पळून चाललाय?” पेटी पुरी झाकेपर्यंत तुम्ही फावडं लावू दिलं नाहीत. श्रीमंताच्या मातीला तसंच आणि रस्त्यावर मिळालेल्या बेवारशाच्या मातीलाही तसंच. फळीवर ढेकळं आपटल्याचा तो आवाज, जो ऐकून बायकांना भोवळ येते, तो तुमच्या वेळी कुणाला ऐकावा लागला नाही. नंतर तुम्ही माझ्या घरी आलात, सुक्या बोंबलाशी भात जेवलात आणि पास्कोलबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. त्या न बोलण्याचे आभार मानायचे राहिले होते. आज मानते.

माती हातानं सोडायची ही तुमची माया आहे, असं आम्ही समजत होतो. मायाही होतीच. बाकीचं मला कळलं ते चर्चच्या वार्षिक सणामुळे.

आमच्या गावाची रीत तुम्हाला काय सांगायची, पण लिहायला बसले आहे तर सगळंच लिहिते. सणाच्या मिस्सेत वेदीवर पवित्र भाकर उंच धरली जाते, घंटी किणकिणते, आणि त्याच क्षणी बाहेर पहिला उखळी बार होतो. हातभर लोखंडी नळी, तळाशी ठासलेली दारू, वर विटेचा चुरा आणि वात. त्या बाराचा मान डॉमनिकच्या घराचा. त्याचा आजोबा लहानपणी तापातून उठला म्हणून बोललेला नवस, तो घरानं चालू ठेवला. बार झाला की म्हाताऱ्या छातीवर क्रूस करतात, माडावरचे कावळे ओरडत उठतात आणि आम्हाला वाटतं, आता सण लागला.

तुम्ही बदली होऊन आमच्याकडे आलात त्या वर्षी हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, एवढं काय त्यात सांगायचं! तुम्ही भाकर वर धरलीत, घंटी झाली, बार झाला. मी पहिल्या बाकावर होते. तुमचे हात खाली आले नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. पण त्यानंतर प्याला उचललात तेव्हा द्राक्षारस वेदीच्या कापडावर सांडला. लोकांनी ठरवून टाकलं, फादरना उपास सोसला नाही.

वेदीची कापडं धुण्याचं काम माझ्याकडे. मिस्सा संपल्यावर ते डागाचं कापड घ्यायला मी मागे गेले, धर्मगुरूंचे झगे ठेवायच्या खोलीत. बाहेर उरलेले बार चालूच होते. तुम्ही कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत बसला होतात. गुडघे छातीशी, दोन्ही हात डोक्यावर. पांढरा झगा खाली ओला झाला होता.

मी जन्मभर नर्सची नोकरी केली, ओल्या कपड्यांचं मला काही नाही. दार आतून लावलं, तुमच्या खोलीतून दुसरे कपडे आणले, तुम्हाला पुसलं, बदललं आणि बाहेर जाऊन सांगितलं, फादरचं प्रेशर उतरलंय, कुणी आत येऊ नका. तुम्ही मला ओळखत नव्हता. एकच म्हणत होतात, “तो खाली आहे अजून. अरे, तो खाली आहे.”

तो कोण, हे तुम्ही मला पुढे एकदाच सांगितलंत. एकाहत्तरच्या लढाईत तोफांच्या माऱ्यात खंदक ढासळला आणि तुम्ही मातीखाली गेलात, तुम्ही आणि तुमच्याच वयाचा साताऱ्याकडचा एक जवान. तुमचं तोंड वर राहिलं, त्याचं राहिलं नाही. त्याचा हात तुमच्या हातात होता. वरून गोळे पडत होते आणि प्रत्येक गोळ्याला माती आणखी खाली बसत होती. तुम्हाला उकरून काढलं तोवर तो हात गार झाला होता. पुढे तुमचे हात थरथरायचे थांबेनात म्हणून तुम्हाला घरी पाठवून दिलं. गावात म्हणतात, फादरनी बंदूक खाली ठेवून क्रूस उचलला. बंदूक तुम्ही ठेवली नव्हती, ती तुमच्याकडून काढून घेतली होती.

एवढं सांगून तुम्ही म्हणालात, “रेजिना, हे इथंच राहू दे.” आणि मी राहू दिलं.

पण पुढच्या सणाआधी तुम्ही जे केलंत त्यावरून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते तुम्ही मेलात तरी मिटलेलं नाही. तुम्ही उपदेशात जाहीर केलंत की यापुढे चर्चच्या आवारात दारूकाम बंद. कारण काय दिलंत? पैशाची राख करू नका, तो गरिबाच्या पोटात घाला. ऐकायला छानच होतं. फक्त ते खरं कारण नव्हतं, आणि तिसऱ्या बाकावर डॉमनिक बसला होता आणि त्याच्या शेजारी त्याची आई. त्यांच्या घरच्या नवसाला तुम्ही भर मिस्सेत राख म्हणालात. म्हातारी बाहेर पडली ती पदर तोंडाला लावून.

डॉमनिक शाळेत माझ्या वर्गात होता. केळीची वाडी करणारा माणूस, तोंडानं फटकळ, मनात काही नाही, पण एकदा अडून बसला की त्याच्यापुढे बैल बरा. त्यानं उखळ्या उचलल्या आणि आवाराबाहेर रस्त्यावर नेऊन मांडल्या. रस्ता काही चर्चच्या मालकीचा नव्हता. लाउडस्पीकरवर घंटी ऐकू आली की तो वात पेटवायचा. पूर्वी बार पलीकडच्या मैदानात व्हायचा. आता तो झग्यांच्या खोलीच्या भिंतीला लागून व्हायला लागला, तुमच्या कानाशी. तुमच्या उपदेशाची ही कमाई.

मग तुम्ही सणाची मिस्सा पाहुण्या धर्मगुरूंना द्यायला लागलात. गाव म्हणालं, बघा, केवढी नम्रता! आणि आपण दोघं त्या झग्यांच्या खोलीत, खिडक्या लावून, मी तुमचे हात धरून. दर सणाला. बाहेर घंटी व्हायच्या आधीच तुमचे दात वाजायला लागायचे. नवरा असताना मी कुणाचे हात इतका वेळ धरले नव्हते.

मध्ये तुमची बदली झाली तेव्हा मला वाटलं, सुटलात. तर निवृत्त झाल्यावर तुम्ही स्वतः मागून इथेच आलात. का आलात म्हणून मी चिडून विचारलं. तुम्ही म्हणालात, “फटाके सगळीकडेच आहेत. हात धरणारं कुणी सगळीकडे नाही.” यावर मी काय भांडणार?

एका सणाला मी तुम्हाला चंदनसारला माझ्या मुलाच्या फ्लॅटवर नेलं. सातवा मजला, काचेच्या खिडक्या, एसी, म्हटलं इथे काय येणार आवाज. दुपारी खाली कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची माळ लागली, ती संपता संपेना. तुम्ही बाथरूममध्ये शिरलात, कडी लावलीत, आणि आतून ओरडलात, “रेजिना, आपला डॉमनिक बरा गं, एकेक उडवतो!” दाराबाहेर मी हसले आणि मग तिथेच फरशीवर बसून रडले. सून विचारत होती, काय झालं मम्मी, काय झालं. मी सांगितलं, फादरचं पोट बिघडलंय.

किती वेळा तुम्हाला म्हटलं, त्याला सांगून टाका. गावाला नको, एकट्या डॉमनिकला सांगा. तो वाईट नाही. तुमचं ठरलेलं उत्तर असायचं, “माणसं माझ्याकडे टेकायला येतात. भिंतच थरथरते हे कळलं तर ती टेकतील कुठे?” मी म्हणायचे, टेकतील की. थरथरणारा माणूस रोज पहाटे उठून आमच्या पोरांना पळवतो, हे कळलं असतं तर पोरं जास्त पळाली असती. तुम्ही म्हणायचात, “तू नर्स आहेस, तुला माणसाचं सगळं बघायची सवय आहे. बाकीच्यांना नाही.” मी म्हणायचे, बघू दिलं तर सवय होईल. तुम्ही विषय बदलायचात. चहात साखर का नाही म्हणून भांडण काढायचात.

तुम्ही गेलात ती दुपार होती. तुम्हाला चर्चमध्ये ठेवलं, उशाशी वर्दीतला फोटो, पायाशी फुलांचा ढीग. संध्याकाळी हॉलमध्ये सगळे जमले, दुसऱ्या दिवशीच्या मातीचं ठरवायला. बिशप येणार होते, आजूबाजूच्या गावांतून माणसं येणार होती. डॉमनिक उभा राहिला. त्याचे डोळे सुजले होते.

“आपला फादर लढाईतला मानूस,” तो म्हणाला. “मी दुपारपासून सलामीसाठी चार ठिकानी फोन लावले, कोनाला काय म्हाईत नाय. नोकरी सोडून जमाना झाला म्हनतात. नाय तं नाय! सलामी आपन देऊ. एकवीस उखळ्या लावतो, दफनभूमीच्या भिंतीला. पेटी खाली उतरली का पैला बार.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या, फादर. रडत रडत टाळ्या वाजवत होते सगळे. मी उठून म्हटलं, “फादरना असलं काही नको होतं.”

“तो त्यांचा साधेपना, बाय,” कुणीतरी म्हणालं.

डॉमनिक माझ्याकडे वळला. “रेजी, जिता होते तवा त्यांनी आमचा नवस बंद केला. मी राग धरला, मी खोटं कशाला बोलू. आता मीच त्यांना मान देतो, माझ्या घरच्या उखळ्यांनी. मंग तू का आडवी येतेस?”

मी खाली बसले. तो सूड घेत नव्हता, हे मला दिसत होतं. तो समेट करत होता. तुमच्याशी इतकी वर्षं धरलेला राग त्याला त्या एकवीस बारांत संपवायचा होता, आणि त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. ज्या गोष्टीनं तुमचा जीव दरवर्षी अर्धा झाला तीच हा माणूस प्रेमानं तुमच्या पेटीवर उधळणार होता. अख्खं गाव त्याला हो म्हणत होतं.

तुम्ही म्हणाल, मेल्यावर मला काय ऐकू येणार होतं? मीही स्वतःला रात्रभर तेच समजावलं. बार होऊ दे, गुपित राहू दे, मेलेल्याला कसला त्रास. पण तुम्हाला मातीत ठेवायचं होतं, फादर. मातीत, आणि वरून बार. माझ्याच्यानं ते बघवलं नसतं. माझं मन म्हणत होतं, तो खाली आहे अजून.

सकाळी दफनभूमीवर गेले. डॉमनिक एकटाच होता. भिंतीशी उखळ्यांची ओळ, त्याच्या हातात गज, एकेका नळीत दारू ठासत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कपाट, फट, ओला झगा, साताऱ्याचा जवान, चंदनसारची बाथरूम, सगळं. नर्सनं डॉक्टरला सांगावं तसं सांगितलं. त्याशिवाय मला ते बोलता आलं नसतं.

त्यानं गज नळीतून बाहेर काढला. मग म्हणाला, “कवापासून?”

“पहिल्या सणापासून.”

“मंग मी रस्त्यावर मांडायला लागलो तवा?”

“तेव्हा ते भिंतीच्या पलीकडे बसलेले असायचे.”

“दर सनाला?”

“इथे असले की दर सणाला.”

त्यानं गज खाली ठेवला. हात विजारीला पुसले, पुन्हा पुसले. “मला का नाय सांगितलं, रेजी? एक शब्द टाकायचा होता. मी सगळ्या उखळ्या खाडीत नेऊन टाकल्या असत्या. मी काय राक्षस होतो का?”

 तुमच्याकडे याचं उत्तर होतं का, फादर? भिंत, टेकणं, सवय, हे सगळं मला ऐकवायला ठीक होतं. त्या माणसाच्या तोंडाकडे बघून तुम्हाला ते म्हणता आलं असतं का?

फुलांसाठी भरून ठेवलेल्या बादल्या होत्या. त्यानं त्या उचलल्या आणि एकेका नळीत पाणी ओतत गेला. आजोबाच्या वेळची उखळी सगळ्यात शेवटी भिजवली. ती भिजवताना बादलीला दुसऱ्या बाजूनं मी हात लावला.

माणसं जमली तेव्हा त्यानं सांगितलं, दारू सादळली, बार उठणार नाही. लोकांनी त्याला काय काय ऐकवलं ते तुम्ही ऐकलं नाहीत, बरंच झालं. “सनाला बरी सादळत नाय! आजच कशी सादळली?” “जुना राग हाय पोटात, दुसरं काय!” त्याच्या स्वतःच्या भाच्यानं तोंड फिरवलं. तो मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. तेव्हा तुमचं गुपित म्हणाल तर एका माणसापुरतंच फुटलं, आणि त्या माणसानं ते तुमच्यापेक्षा चांगलं सांभाळलं. त्याची किंमत तो अजून देतो आहे. कालही बाजारात कुणी त्याच्याशी नीट बोललं नाही.

तुमच्या मातीला आवाज झाला नाही. बिशपांची प्रार्थना झाली, मग किनाऱ्यावर तुम्ही पळवलेली पोरं पुढे आली, आता त्यांतल्या कित्येकांची पोटं सुटली आहेत. कुणी न सांगता खाली बसली आणि ओंजळीनं माती सोडायला लागली. शेवटपर्यंत कुणी फावडं उचललं नाही. वेळ लागला, ऊन चढलं, पण कुणी घड्याळ बघितलं नाही. डॉमनिक सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून होता. शेवटी आला, एक मूठ टाकली आणि निघून गेला. तुम्ही मागितलं तसं सगळं झालं. समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

आता तो रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येतो. जेवण सुटलंय म्हणून त्याची बायको सांगते. वाडीत केळीचे घड पिकून गळतायत आणि हा खाटेवर पडून. त्याला माझ्याकडून एकच हवं असतं. पहिल्या दिवशी त्यानं ते खाली बघत विचारलं.

“रेजी, त्यांनी मला माफ केलं असंल का?”

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून आता तुम्हीच ऐका. नव्या फादरांनी तुम्हाला मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेल लावलं आणि ते बाहेर गेले. तुम्ही मला जवळ बोलावलंत. आवाज उरला नव्हता, मी कान तोंडाशी नेला. तुम्ही म्हणालात, “एक राहिलं. डॉमनिकला मी माफ केलेलं नाही. रोज मिस्सेत त्याचं नाव घेतो, आणि रोज तिथेच अडतं. आता पापनिवेदनात नव्या फादरनाही सांगितलं नाही. लाज वाटली.” मी म्हटलं, आता म्हणून टाका, माझ्यासमोर म्हणा, मी साक्षीला आहे. तुम्ही ओठ हलवलेत. मग मान हलवलीत, नाही अशी. आणि डोळे मिटून पडून राहिलात. दुपारी गेलात.

मला तुमचा राग आला, फादर. अजून आहे. ज्याला आपण अपराध केल्याचंच ठाऊक नाही, त्याला माफ करायला तुम्हाला एवढी वर्षं कमी पडली? आम्हाला किती सहज सांगायचात, जा, समेट करून ये, मग वेदीजवळ ये. पण दुसरंही माझ्या मनात येतं. एखाद्याला मातीखालून नीट काढलंच नसेल, तर वर उभ्या असलेल्याला त्यानं माफ तरी कुठून करावं. मी रागावते, मग हे आठवतं आणि रडते, आणि मग पुन्हा रागावते. सध्या माझे दिवस असे जातात.

डॉमनिकला मी म्हटलं, “केलं होतं.”

“कवा? काय म्हनाले?”

त्याला शब्द हवे होते. नुसत्या ‘हो’वर तो उठणार नव्हता. मग मी शब्द केले. म्हटलं, “शेवटच्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाले, डॉमनिकला सांग, माझ्या मनात काही नाही.” तो ढसाढसा रडला. घरी जाऊन दोन घास जेवला, असं त्याची बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. “परत सांग, काय म्हनाले?” मी परत सांगितलं. रोज येतो, रोज मागतो. मी तुमच्यासारखं हळू, थांबत थांबत म्हणते आणि तो मान डोलावत ऐकतो. आणि सुरुवातीला लिहिलं ते पुन्हा लिहिते, मला पश्चात्ताप नाही.

पण ते वाक्य तुमचं नाही, फादर. त्याला कळत नाही, मला तर कळतं ना. मी रोज म्हणते आणि रोज माझ्या तोंडात ते खोटंच राहतं. मी किती दिवस पुरवू?

फाटक वाजलं. तोच आहे. चप्पल काढतोय. तो पायरी चढून माझ्यासमोर बसेल आणि विचारेल, फादर काय म्हणाले. त्यानं विचारायच्या आत, तुम्ही जिथे असाल तिथून, ते वाक्य एकदा तुम्ही म्हणा.